लेबल बोलते ते आपण सांगितलेले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आजवर या व्यासपीठावरून आरोग्य, बालसंगोपन, संतवाङ्मय अशा विषयांवर विद्वान भगिनींची भाषणे झाली. आजचा विषय त्यामानाने फारच लहान आहे. तो आहे चटणीच्या पुडीवरचे लेबल, आणि ते छापणाऱ्या यंत्राशी बोलायची भाषा. विषय जाहीर झाल्यावर काही मैत्रिणींनी नाके मुरडली, हे माझ्या कानांवर आले आहे! पण ज्या पुड्यांवर आपल्या गृहोद्योग शाखेचा सारा व्यवहार चालतो, त्यांच्यावर काय लिहिले जाते हे दुसऱ्याच कोणी ठरवावे आणि आपण नुसते चिकटवावे, हे मला बरे वाटत नाही. म्हणून अर्धा तास माझे ऐकून घ्या.

शेजारणीला आपण वाटीभर चटणी देतो तेव्हा लेबल लागत नाही. "अहो, यात दाण्याचे कूट आहे बरं का, आठवड्याभरात संपवा," असे आपण तोंडाने सांगतो. पण तीच चटणी दहा मैलांवरच्या दुकानात गेली, की सांगायला आपण तिथे नसतो. आपल्या वतीने तेथे जे बोलते ते लेबल. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत'चा मोठा व्याप उभा राहिला, हे आपण सर्वजणी जाणतो. पापड चांगला होता हे तर खरेच. पण न पाहिलेल्या हातांवर गिऱ्हाइकाने विश्वास ठेवला, हेही तितकेच खरे. हा विश्वास पुडीवरच्या चार ओळींतून सुरू होतो.

त्या चार ओळी कोणत्या असाव्यात हे आपल्या मर्जीवर नाही. त्यासाठी कायदे आहेत. वजनमापे खात्याचे वेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम आहेत आणि खाद्यपदार्थांच्या लेबलांविषयीचे २०२० चे विनियम आहेत. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, परवान्याचा १४ आकडी क्रमांक, बनवल्याची किंवा भरल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे ती तारीख, घाणा क्रमांक, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी पत्ता व फोन, या त्यातल्या मुख्य गोष्टी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे जे सर्वांत जास्त ते प्रथम. आपल्या लसणीच्या चटणीत खोबऱ्यापेक्षा दाणे जास्त असतील, तर दाण्यांचे नाव आधी. हा मजकूर हिंदीत देवनागरी लिपीत किंवा इंग्रजीत असलाच पाहिजे. मराठी त्याच्या जोडीला खुशाल घालता येते, पण नुसते मराठी चालत नाही.

यांपैकी एका गोष्टीवर मी थोडी थांबणार आहे. काही माणसांना विशिष्ट अन्न सोसत नाही. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी काही मुलांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून शेंगदाणे, दूध, गहू, सोयाबीन, अंडी, मासे अशा पदार्थांचा लेबलावर वेगळा उल्लेख करणे बंधनकारक आहे. आपल्याला वाटते, चटणीत दाणे असतात हे कोणाला ठाऊक नाही? मैत्रिणींनो, परगावची, परप्रांतातली आई लेबल वाचूनच मुलाच्या पानात काय वाढायचे ते ठरवते. 'यात शेंगदाणे आहेत' ही ओळ कापली गेली, पुसट झाली किंवा दुसऱ्या पदार्थाच्या पुडीवर गेली, तर ती छपाईची चूक राहत नाही.

आता यंत्राकडे वळू. आपल्या शाखेतले यंत्र शाईचे नाही. त्याच्या डोक्यात एका ओळीत बारीक बारीक तापणारे ठिपके आहेत. कागद त्याखालून सरकतो, ज्या क्षणी जो ठिपका तापेल तिथे काळा बिंदू उमटतो. हे दोन प्रकारांनी होते. एका प्रकारात कागदावरच असा लेप असतो की ऊन लागताच त्यातले रंगहीन द्रव्य आणि त्याला रंगवणारे द्रव्य वितळून एकत्र येतात आणि काळे होतात. दुकानातली पावती याच जातीची. दुसऱ्या प्रकारात मध्ये मेणाची किंवा राळेची काळी फीत असते. ठिपका तापला की फितीवरचा रंग वितळून साध्या कागदावर बसतो.

पहिला प्रकार स्वस्त आणि सुटसुटीत, कारण फितीचा खर्च नाही. पण जुन्या पावत्या पाहा, कपाटात ठेवल्या तरी फिक्या होतात. ऊन, गरम जागा आणि तेल हे त्या छपाईचे वैरी. आणि आपण विकतो काय? तर लोणचे आणि चटणी! तेलाचा हात लागला, बरणी खिडकीत उन्हात राहिली, की अक्षर उडू लागते. वापराची तारीखच पुसली गेली तर लेबल असून नसल्यासारखे. म्हणून पंधरा दिवसांत खपणाऱ्या कोरड्या मालाला पहिला प्रकार चालेल; तेलकट आणि टिकाऊ मालाला फितीचा प्रकार घ्यावा, आणि तेलाशी फारच संबंध येत असेल तर राळेची फीत व प्लास्टिकचे लेबल. चार पैसे जास्त पडतात, पण ते मीठ-मोहरीच्या खर्चासारखेच आवश्यक समजावेत.

दुसरी एक मर्यादाही लक्षात ठेवा. हे यंत्र एका वेळी एकच रंग जाणते. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल काढावा लागतो, तो काळा छापून भागत नाही. म्हणून शहाणपणाची रीत अशी : नाव, घटक, पत्ता, हिरवी खूण हा कायमचा भाग छापखान्यातून रंगीत छापून लेबलांचे रीळ करून घ्यायचे, आणि रोज बदलणारा भाग, म्हणजे तारखा, घाणा क्रमांक, किंमत, तेवढा आपल्या यंत्राने रिकाम्या जागेत भरायचा.

तो भरायचा कसा? इथे मी आपल्याला रांगोळीची आठवण करून देते. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण आधी ठिपके मोजतो, 'पंधरा ते आठ' म्हणतो, आणि मग कोणता ठिपका कोणाला जोडायचा ते ठरवतो. हे यंत्रही नेमके तसेच आहे. नेहमीच्या यंत्रात एका मिलिमीटरात ८ ठिपके असतात. आपले लेबल ५० मिलिमीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर लांब धरले, तर आडवे ४०० ठिपके आणि उभे ६०० ठिपके झाले. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. पहिला आकडा उजवीकडे किती जायचे तो, दुसरा खाली किती उतरायचे तो. वरचे ५० मिलिमीटर छापखान्याने भरलेले असले, तर आपली जागा ४०० व्या ओळीच्या खाली सुरू होते. इतके ज्याला समजले, त्याला निम्मी विद्या आली.

आता आज्ञा. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची भाषा निरनिराळी असते. अमेरिकेतल्या झेब्रा कंपनीच्या यंत्रांची भाषा वेगळी. तिथे आज्ञेच्या आधी टोपीसारखी एक खूण लागते. तैवानच्या टीएससी कंपनीची भाषा वेगळी, आणि बाजारातली बरीच स्वस्त यंत्रे तीच भाषा समजतात. तिच्यातल्या आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांच्या आहेत, म्हणून मी तीच घेतली आहे. यंत्र घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की याला कोणती भाषा कळते? आज्ञा प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत टंकायच्या असतात. येथे ऐकण्याच्या सोयीसाठी मी त्या आपल्या लिपीत देत आहे.

साइझ ५० एमएम,७५ एमएम
गॅप २ एमएम,०
डायरेक्शन १
सीएलएस
टेक्स्ट २४,४१६,"३",०,१,१,"पीकेडी ०५-०१-२०२६ लॉट ०१७"
टेक्स्ट २४,४४६,"२",०,१,१,"यूज बाय ०४-०४-२०२६ एमआरपी १२०"
बारकोड ६०,४८४,"ईएएन१३",६०,१,०,३,३,"२०००००००००१५"
प्रिंट १,४०

एवढेच. आठ ओळी. एकेक ओळ उलगडून पाहू.

'साइझ' म्हणजे लेबलाची रुंदी आणि लांबी. 'गॅप' म्हणजे दोन लेबलांमधली फट. यंत्रात एक डोळा असतो, तो ही फट पाहून पुढचे लेबल कुठे सुरू झाले ते ओळखतो. फट २ मिलिमीटरची असताना ३ सांगितली, किंवा रीळ बदलल्यावर यंत्राला नव्या रिळाची ओळख करून दिली नाही, तर छपाई हळूहळू वर-खाली सरकत जाते. पहिल्या लेबलावर तारीख जागेवर दिसते आणि तिसाव्या लेबलावर ती घटकांच्या यादीवर चढून बसते. म्हणून पहिले लेबल पाहून समाधान मानू नये. मधले एक आणि शेवटचे एकही पाहावे. 'डायरेक्शन' म्हणजे लेबल डोक्याकडून बाहेर यावे की पायाकडून.

'सीएलएस' ही आज्ञा दिसायला सर्वांत लहान, पण तिच्यावाचून चालत नाही. तिचा अर्थ पाटी पुसणे. यंत्राच्या स्मरणात मागच्या लेबलाचे चित्र तसेच राहते. पाटी न पुसता नवे लिहिले, तर कालच्या तारखेवर आजची तारीख उमटते आणि दोन्ही वाचता येत नाहीत. आणि ही आज्ञा 'साइझ'च्या नंतर द्यायची. पाटी किती मोठी हे ठाऊक झाल्यावरच ती पुसायची.

'टेक्स्ट' म्हणजे मजकूर. त्यातले पहिले दोन आकडे जागेचे : २४ ठिपके उजवीकडे, ४१६ ठिपके खाली. अवतरणातला ३ हा अक्षराच्या वळणाचा क्रमांक. त्यापुढचे शून्य म्हणजे अक्षर सरळ. तिथे ९० दिले की ते आडवे वळते. नंतरचे १,१ म्हणजे रुंदी व उंची आहे तेवढीच. २,२ दिले तर दुप्पट. शेवटी अवतरणात आपला मजकूर.

आता हिशेबाची खरी जागा. वळण क्रमांक ३ चे प्रत्येक अक्षर १६ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच असते, म्हणजे २ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटर. पहिली ओळ इंग्रजीत लिहिली की मोकळ्या जागा धरून २२ अक्षरे होतात. २२ गुणिले १६ म्हणजे ३५२. सुरुवातीचे २४ मिळवले, ३७६. लेबल ४०० ठिपक्यांचे, म्हणजे ओळ मावली. दुसऱ्या ओळीत २५ अक्षरे आहेत. तीही वळण ३ मध्ये लिहिली असती, तर २५ गुणिले १६ म्हणजे ४००, अधिक २४, एकूण ४२४. लेबल संपते ४०० वर! मग काय होते? यंत्र थांबत नाही, ओरडत नाही, 'बाई, जागा पुरत नाही' असे सांगत नाही. ते कडेला आले की उरलेले सोडून देते. आपल्या १२० रुपयांतले शून्य जाते, दोनाचा अर्धा भाग जातो, आणि पुडीवर किंमत उरते एक आणि काहीतरी. म्हणून ती ओळ मी वळण क्रमांक २ मध्ये लिहिली. त्याचे अक्षर १२ ठिपके रुंद. २५ गुणिले १२ म्हणजे ३००, अधिक २४, झाले ३२४. मावली.

गुणाकार आणि बेरीज, याहून जास्त गणित यात नाही. स्वेटरचे टाके घालताना आपण छातीचे माप आणि टाक्यांची संख्या यांचा हिशेब करतो तो याहून कठीण असतो. मात्र एक काळजी घ्यावी. मावत नाही म्हणून अक्षर लहान लहान करीत जाऊ नये. आकडे कमीत कमी किती उंच असावेत हे वेष्टनाच्या आकाराप्रमाणे नियमांत ठरवून दिलेले आहे, आणि साठीच्या पुढच्या आजींना चष्मा लावून तारीख वाचता आली पाहिजे हा आपला घरचा नियम आहेच.

आता कोणी विचारील, नाव मराठीत का छापू नये? अवश्य छापावे, पण युक्तीने. यंत्राच्या पोटात आधीपासून भरलेली वळणे बहुधा इंग्रजी अक्षरांची असतात. शिवाय आपली लिपी एकापुढे एक अक्षर मांडून होत नाही. 'शि' लिहिताना संगणकाच्या साठ्यात आधी 'श' असतो आणि मग वेलांटी. पण कागदावर वेलांटी आधी दिसावी लागते. जोडाक्षरे तर एकमेकांत मिसळतात. ही जुळणी साध्या यंत्राला येत नाही. म्हणून मराठी नाव संगणकावर सुबक लिहून त्याचे काळे-पांढरे चित्र करावे, ते 'डाउनलोड' या आज्ञेने एकदाच यंत्राच्या स्मरणात ठेवावे, आणि पुढे 'पुटबीएमपी' या आज्ञेने हवे तिथे बोलवावे. यंत्राला ती अक्षरे कळत नाहीत, ते चित्र म्हणूनच काढते. पण वाचणाऱ्याला शुद्ध मराठी मिळते. छापखान्यातून रंगीत रीळ करून घेतले असेल तर हाही प्रश्न उरत नाही.

'बारकोड' म्हणजे त्या काळ्या रेघा. त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत नॉर्मन जोसेफ वुडलँड नावाचा तरुण तारायंत्राच्या टिंब-रेघांचा विचार करीत मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसला होता. त्याने वाळूत बोटांनी टिंबे आणि रेघा काढल्या आणि सहज बोटे खाली ओढली. त्या उभ्या जाड-बारीक रेघांतून ही कल्पना निघाली. त्याला आणि त्याचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर याला १९५२ साली तिचे पेटंट मिळाले. दुकानात पहिली वस्तू या रेघा वाचून विकली गेली ती मात्र २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. ती वस्तू होती च्युइंग गमचे पुडके. वाळूत बोटाने काढलेल्या रेघांना दुकानापर्यंत पोचायला इतकी वर्षे लागली!

आपल्या उदाहरणातला क्रमांक २ ने सुरू होतो. असे क्रमांक एखाद्या दुकानाने आपल्या आतल्या वापरासाठी ठेवायचे असतात. सगळ्या दुकानांत चालेल असा क्रमांक हवा असेल तर तो जीएस१ इंडिया या संस्थेकडून रीतसर घ्यावा लागतो, आणि तो ८९० ने सुरू होतो. दुसऱ्या कोणाच्या पुडीवरून क्रमांक उचलू नये, मनाने तर मुळीच रचू नये. तेराव्या आकड्याची गंमत सांगते. तो आधीच्या बारांचा राखणदार असतो. विषम जागांचे आकडे जसेच्या तसे, सम जागांचे तिप्पट, सर्वांची बेरीज, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडेल तो तेरावा आकडा. आपल्या क्रमांकात विषम जागी २ आणि १, बेरीज ३, सम जागी फक्त ५, त्याची तिप्पट १५, एकूण १८. वीसला दोन कमी, म्हणून तेरावा आकडा २. यंत्र तो स्वतः काढते. आपण बाराच द्यायचे. वाचताना एखादा आकडा चुकला, तर हा राखणदार त्याला दारातच अडवतो.

आज्ञेतला पहिला ६० कशासाठी? रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते. ती नसेल तर वाचणाऱ्या यंत्राला सुरुवात कुठे ते कळत नाही. या जातीत रेघांची एकूण रुंदी ९५ घरे, डावीकडे ११ घरे कोरी, उजवीकडे ७. आता एका घराला किती ठिपके द्यावे? दोन दिले तर घर पाव मिलिमीटरचे होते, आणि दुकानी वापरासाठी ते किमान ०.२६४ मिलिमीटर असावे असे प्रमाण आहे; म्हणजे दोन कमीच पडतात. म्हणून तीन. ९५ गुणिले ३ म्हणजे २८५ ठिपके. ६० पासून सुरू केले तर ३४५ वर संपते. डावीकडे ६० आणि उजवीकडे ५५ ठिपके कोरे राहतात. हवे होते डावीकडे ३३ आणि उजवीकडे २१. निश्चिंत.

अखेरची 'प्रिंट १,४०' म्हणजे एकच लेबल चाळीस प्रतींत. प्रत्येक पुडीला वेगळा अनुक्रमांक हवा असेल तर मोजणीची आज्ञा लावून 'प्रिंट ४०,१' द्यायचे. मग चाळीस निरनिराळी लेबले एकेक निघतात.

या आठ ओळी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहाव्यात. पत्र लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये लिहू नयेत, कारण तो सरळ अवतरणचिन्हे आपणहून वाकडी करतो आणि ती यंत्राला कळत नाहीत. एखादा स्वल्पविराम राहिला तरी ती ओळ बहुधा गाळली जाते. आणि फाइल यंत्राकडे जशीच्या तशी पाठवावी. नेहमीसारखी 'छापा' म्हटले तर तारखेऐवजी लेबलावर आपल्या आज्ञाच छापून येतील!

निगेविषयी दोन शब्द. छपाई गडद दिसावी म्हणून उष्णता फार वाढवू नये; रेघा सुटून एकमेकींना चिकटतात आणि डोकेही लवकर झिजते. प्रत्येक रीळ बदलताना यंत्र बंद करून, डोके निवल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या मऊ फडक्याने ते पुसावे. नखाने किंवा सुरीने कधी खरवडू नये. एखादा ठिपका जळला तर लेबलावर उभी पांढरी रेघ सतत दिसते. ती बारकोडाच्या उभ्या रेघेवर आली तर ती रेघच नाहीशी होते. अशा वेळी नवे डोके येईपर्यंत बारकोड ९० अंशांत वळवून छापावा. मग पांढरी रेघ सर्व काळ्या रेघांना आडवी छेदते आणि वाचणारे यंत्र तिच्या बाजूने वाचून घेते. अर्थात वळवल्यावर तो उभा किती जागा घेईल याचा हिशेब पुन्हा करायचा. ती जागा आपल्या लहान पट्टीत नाही. त्या दिवशी त्याच्यासाठी कोरे लेबल वेगळे लावावे.

आता मुख्य गोष्ट. "एवढे कशाला? बाजारात तयार प्रोग्राम मिळतात, चित्रावर बोट ठेवून लेबल होते. नाहीतर माझा नातू करून देईल," असे एका काकूंनी मला म्हटले. काकूंचे म्हणणे चूक नाही. नवे लेबल सजवायला तयार प्रोग्राम चांगला, आणि नातवाने मदत केली तर आनंदच आहे. पण नातू परीक्षेला गेला, प्रोग्रामचा परवाना संपला किंवा दुकानदार आठवडाभर आला नाही, म्हणून आपण जुन्या तारखेची उरलेली लेबले चिकटवणार का? असा मोह नेमका अडचणीच्या दिवशी होतो. जुन्या तारखेवर नवी पट्टी चिकटवणे कायद्याला मान्य नाही, आणि आपल्या मनालाही नसावे. आठ ओळी ज्या भगिनीला वाचता येतात, ती दोन आकडे बदलून पाच मिनिटांत खरी तारीख छापते. खरे बोलणे सोपे झाले की खोटे बोलण्याचे निमित्त उरत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, शाखेत एक वही ठेवावी. प्रत्येक घाण्याचे एक लेबल तिच्यात चिकटवावे. शेजारी दाणे, तिखट, तेल कोणत्या दिवशी आणले आणि किती पुड्या कुठे गेल्या ते लिहावे. उद्या एखाद्या घाण्यात खवटपणा निघाला तर १७ क्रमांकाच्या चाळीस पुड्याच परत मागवता येतील. सगळ्या दुकानांतला माल उचलावा लागणार नाही. दुसरी, जिने आज्ञा लिहिल्या तिने लेबल तपासू नये. दुसरीने ते मोठ्याने वाचावे आणि पुडीतल्या पदार्थाशी ताडून पाहावे. दाण्याच्या चटणीचे रीळ यंत्रात आहे आणि पुड्या मात्र तिळाच्या भरल्या जात आहेत, हे डोळ्यांनाच कळते, यंत्राला नाही. तिसरी, या आज्ञा निदान चार जणींना याव्यात. एकीलाच येणारी विद्या तिच्या आजारपणात, बाळंतपणात किंवा गावी गेल्यावर मंडळाच्या उपयोगाची राहत नाही.

यंत्र अडाणी आहे. त्याला चटणी माहीत नाही, तारीख माहीत नाही, दुकानात उभी असलेली ती आई तर मुळीच माहीत नाही. आपण सांगू तेवढे ठिपके ते तापवते आणि आपण सांगू तिथेच तापवते. खोटी तारीखही ते तितक्याच ठळकपणे छापील. म्हणून त्या चार ओळींचा शब्द आपला आहे, यंत्राचा नव्हे. तो नीट, पुरता आणि वाचता येईल असा द्यावा, इतकेच माझे सांगणे. येत्या महिन्यात ज्यांना या आठ ओळी स्वतः लिहून पाहायच्या असतील, त्यांनी शाखेत यावे; यंत्र, कोरे रीळ आणि मी, तिघेही तयार आहोत.